नवजात बाळाच्या घरी सातव्या दिवशी कोण येते?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाच महिन्यांपूर्वी आम्हाला मुलगी झाली. रुग्णालयातून घरी आल्यापासून सव्वा महिना होईपर्यंत शहरातले मध्यमवर्गीय घर किती एकटे पडते, याचा अनुभव आम्ही घेतला. आणि त्यावरचा उपाय आपल्याच राज्यात तीस वर्षांपूर्वी सापडलेला असूनही तो आमच्यासारख्यांच्या दारापर्यंत येत नाही, हे त्यानंतर कळले. त्याविषयी आपल्या दैनिकाच्या वाचकांपुढे काही मांडावे, म्हणून हे पत्र. ते थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आम्ही चिंचवडला राहतो. पत्नी आणि मी दोघेही खासगी नोकरीत आहोत. बाळंतपणासाठी सासूबाई लातूरहून आल्या होत्या आणि माझी आई वाईहून. दिवस भरायला तीन आठवडे बाकी असताना एका खासगी रुग्णालयात सिझेरियन झाले आणि पाचव्या दिवशी आम्हाला घरी सोडण्यात आले. निघताना हातात एक जाडजूड फाइल मिळाली. कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती जेवणानंतर हे परिचारिकेने पाच मिनिटांत सांगितले, लसीकरणाचे कार्ड दिले आणि दहाव्या दिवशी दाखवायला आणा म्हणून बजावले. बिलाच्या खिडकीपाशी मात्र आम्ही पाऊण तास उभे होतो.

घरी आल्यावर बाळ फारसे रडत नसे. तीन-तीन, चार-चार तास सलग झोपायचे, छातीशी धरले की दोन घोट घेऊन पुन्हा डोळे मिटायचे. येणारे-जाणारे ‘गुणाची आहे हो पोर’ म्हणून कौतुक करत आणि आम्हालाही ते खरे वाटे, कारण बाळ रात्रभर जागवते हीच भीती सगळ्यांनी घातलेली होती. अंगाला पिवळसर झाक दिसत होती, तेव्हा सकाळच्या कोवळ्या उन्हात धरावे असे ठरले. पण दिवस श्रावणातले, ऊन येणार कुठून? नवव्या दिवशी सकाळी सासूबाई दोरीवरची दुपटी काढताना एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘कालपासून दोनच ओली झालीत की.’’ घरात चार मोठी माणसे होती, त्यांपैकी तिघे पदवीधर आणि प्रत्येकाच्या हातात एकेक स्मार्टफोन. पण ओली दुपटी मोजायची असतात हे सातवीपर्यंत शिकलेल्या त्या एका बाईंनाच सुचले.

तासाभरात आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे होतो. जन्माच्या वेळी २ किलो ९०० ग्रॅम असलेले वजन २ किलो ५६० ग्रॅमवर आले होते, म्हणजे अकरा टक्क्यांहून अधिक घट. कावीळ वाढलेली होती. पुढचे दोन दिवस बाळ डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या प्रकाशाखाली होते. डॉक्टर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘‘बाळ शांत नव्हते, उपाशी होते.’’ ते वाक्य आम्हा दोघांच्याही मनातून अजून गेलेले नाही.

त्यानंतर त्यांनी जे समजावून सांगितले ते रुग्णालयातून निघतानाच कुणी सांगितले असते, तर हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती. पहिल्या काही दिवसांत प्रत्येक बाळाचे वजन थोडे उतरते, पण ती घट साधारणपणे दहा टक्क्यांच्या आत राहावी लागते आणि दोन आठवड्यांच्या आसपास बाळाने जन्माच्या वजनाला पुन्हा पोहोचायला हवे. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा अंगावर पाजावे लागते, आणि बाळ उठत नसेल तर उठवून पाजावे लागते. पाचव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा वेळा तरी लघवी व्हायला हवी. थोडे लवकर जन्मलेले बाळ झोपाळू असते. ते कमी पिते, म्हणून शी कमी होते, त्यामुळे काविळीचे पिवळे द्रव्य शरीराबाहेर पडत नाही, कावीळ वाढली की बाळ आणखी सुस्तावते आणि आणखी कमी पिते. हे चक्र बाहेरून पाहणाऱ्याला गुणी बाळासारखेच दिसते. खिडकीतल्या उन्हाने ते तुटत नाही.

पुढच्या आठवड्यात आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी हे सारे ऐकले आणि आश्चर्याने विचारले, ‘‘तुमच्याकडं आशाताई नाही आली व्हय?’’ त्यांची सून दोन महिन्यांपूर्वी महापालिकेच्या रुग्णालयात बाळंत झाली होती. त्यांच्या वस्तीत आशाताई घरी येऊन बाळाला झोळीत घालून वजन करत असे, काखेत तापमापक लावत असे, घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजत असे आणि आई कशी पाजते हे बसून पाहत असे. वजन वाढले नाही तर ती पुन्हा येई. मावशींच्या दोन खोल्यांत जे घडत होते, ते तिथून अर्ध्या किलोमीटरवरच्या आमच्या उद्वाहन असलेल्या इमारतीत घडत नव्हते. मला त्या क्षणी थोडी लाज वाटली, आणि मग कुतूहल.

थोडे वाचल्यावर कळले ते असे. ‘गृहाधारित नवजात बालसेवा’ या नावाने हा कार्यक्रम २०११ पासून देशभर राबवला जातो. बाळंतपण रुग्णालयात झाले असेल तर आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. घरीच झाले असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक भेट असते. सिझेरियन झालेली आई उशिरा घरी आली तर भेटी घरी आल्यानंतर सुरू होतात. आणि याचे मूळ आहे गडचिरोलीत. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ पासून गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची देखभाल शिकवली. आरोग्यदूत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बायका घरोघर जाऊन बाळाला ऊब देणे, स्तनपान, वजन, श्वास आणि जंतुसंसर्गाची लक्षणे पाहू लागल्या आणि गरज पडल्यास उपचारही करू लागल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तिथले नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे त्यावरूनच सरकारी धोरण घडले. ज्या गावांत डॉक्टर नव्हता, तिथे बाळाकडे नेमके काय पाहायचे हे जाणणारे एक माणूस ठरल्या दिवशी घरी येत होते. शहरात हाकेच्या अंतरावर दहा डॉक्टर आहेत, पण तसे येणारे माणूस नाही.

शहरी भागांतही आशा कार्यकर्त्या आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात त्यांची नेमणूक प्रामुख्याने गरीब वस्त्यांसाठी झाली, आणि ते योग्यच आहे. गरज जिथे अधिक, तिथे आधी पोहोचायला हवे. त्यामुळे आशाताईंनी आता आमच्या इमारतीचेही जिने चढावेत, अशी माझी मागणी नाही. या साऱ्या भेटींसाठी कार्यक्रमाच्या सुरुवातीला ठरलेला मोबदला एका बाळामागे एकूण २५० रुपये होता. आमच्याकडे बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या बाई एका दिवसाचे पाचशे रुपये घेत. स्वतःच्या मानधनासाठी ज्यांना वारंवार रस्त्यावर उतरावे लागते, त्या बायकांच्या अंगावर आणखी एक जबाबदारी टाकणे हा मोठाच अन्याय ठरेल.

मग आमच्यासारख्यांचे काय? ‘तुम्हाला परवडते, तुम्ही डॉक्टरकडे जा’ हे उत्तर ठाऊक आहे. आम्ही जातच होतो. पण डॉक्टरकडे कधी जायचे हे कळण्यासाठीच कुणीतरी घरी यावे लागते. पूर्वी हे काम सव्वा महिन्याची रीत करत असे. त्या रीतीची थट्टा करण्याची आपल्याकडे फॅशन आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. बाळंतिणीची वेगळी खोली, शेक, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, जेवणानंतरची बाळंतशोप, रोज येणारी मालीशवाली बाई, पाचवी, बारावे, या सगळ्याच्या आड एक व्यवस्था होती: आईला कामातून सुट्टी, आयते अन्न, सोबतीला माणूस, आणि शेकडो बाळे हाताखालून गेलेल्या एका बाईची रोजची नजर. त्या बाईला ग्रॅम आणि टक्के ठाऊक नव्हते, पण बाळ सुकत चालले आहे हे तिला हाताला लागत असे. आता घर लहान झाले, माहेर चारशे किलोमीटरवर गेले, आणि न्हाऊ घालणाऱ्या बाई वीस मिनिटांत पुढच्या सोसायटीत पोहोचायच्या घाईत असतात. त्यांचा दोष नाही; त्यांची दिवसाला सात घरे आहेत.

रीतीतले सारेच राखण्यासारखे नाही, हेही सांगितले पाहिजे. आमच्याकडेही सहाणेवर घुटी उगाळायची तयारी झाली होती. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ असे सारे डब्यात आले होते. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा देऊ नका, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर तो डबा कपाटात गेला. नाका-कानात तेल सोडणे, काजळ, कोंडलेल्या खोलीतली धुरी, नाळेवर काहीबाही लावणे हेही सोडावे लागले. यावरून घरात एक संध्याकाळ अबोला झाला. ‘आम्ही काय पोरं मारली का?’ हा माझ्या आईचा प्रश्न आणि ‘तुम्हाला नाही म्हणत हो आई’ हे पत्नीचे रडवेले उत्तर बहुतेक घरांत थोड्याफार फरकाने ऐकू येत असेल. तिथे घरातल्या दोन पिढ्यांपैकी कुणाच्याही बाजूचे नसलेले एक जाणते माणूस हवे होते.

ते आम्हाला योगायोगाने मिळाले. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहतात. बाळ रुग्णालयातून दुसऱ्यांदा घरी आले त्या संध्याकाळी त्या सहज म्हणून आल्या आणि तासभर बसल्या. पत्नी कशी पाजते हे त्यांनी आधी नुसतेच पाहिले. मग म्हणाल्या, ‘‘तू बाळाकडे वाकू नकोस, बाळाला तुझ्याकडे आण.’’ पाठीमागे उशी दिली, बाळाचे पोट आईच्या पोटाला टेकवले, तोंड पुरते उघडेपर्यंत थांबायला लावले. सिझेरियनच्या टाक्यांवर भार येऊ नये म्हणून बाळाला काखेखालून धरण्याची रीत दाखवली. मला रात्रीच्या एका वेळची जबाबदारी नेमून दिली: बाळाला उठवून आईकडे द्यायचे, पिऊन झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, दुपटे बदलायचे आणि पाठीवर झोपवायचे. सासूबाईंना त्यांनी एक वही दिली आणि ओल्या दुपट्यांच्या रेघा ओढायला सांगितले. त्या वहीचा सासूबाईंना पुढे इतका अभिमान वाटू लागला की आल्या-गेल्याला ती दाखवली जाई. चौदाव्या दिवसापर्यंत वजन २ किलो ७६० ग्रॅम झाले. बाराव्या दिवशीचे बारसे पुढे गेले होते; ते मग सवडीने झाले. एका तासाच्या भेटीत आमचे घर ताळ्यावर आले, आणि त्यासाठी कोणतेही यंत्र किंवा औषध लागले नाही.

माझी मावसबहीण नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला असते. तिच्या बाळंतपणाच्या वेळी माहेरचे कुणी जाऊ शकले नव्हते, पण पहिला आठवडाभर रोज काही तास एक प्रशिक्षित बाई घरी येत होती. आईचे टाके, बाळाचे वजन, पाजणे, अंघोळ, सारे ती पाही. ही तिथली रुजलेली व्यवस्था आहे आणि तिचा बहुतेक खर्च सर्वांना बंधनकारक असलेल्या आरोग्य विम्यातून भागतो. ‘इथे माहेर सरकार पुरवते’ असे बहीण थट्टेने म्हणते.

आता बापाविषयी. माझ्या कंपनीत पितृत्व रजा पाच दिवसांची आहे आणि ते पाचही दिवस रुग्णालयात गेले. बाळ घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर हजर होतो. नवव्या दिवसानंतरची रजा बिनपगारी झाली. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी आईची रजा २६ आठवड्यांची झाली, हे चांगलेच झाले. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी क्षेत्रातील बापासाठी मात्र अशी रजा देणारा कायदा आम्हाला शोधूनही सापडला नाही. कंपनीच्या मर्जीवर सारे चालते. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्येच लोकसभेत पितृत्व लाभाचे खासगी विधेयक मांडले होते. त्यात १५ दिवसांची आणि तीन महिन्यांपर्यंत वाढवता येईल अशी तरतूद सुचवलेली होती. त्याचा कायदा झाला नाही. सातव आज हयात नाहीत, पण ती कल्पना महाराष्ट्राच्या कोणत्याही खासदाराला पुन्हा हाती घेता येईल. पोटावर टाके असलेली बाई रात्री तीनदा एकटीने उठते तेव्हा नवरा शेजारी हवा की सकाळच्या बैठकीसाठी त्याची झोप पुरी व्हावी, याचा निर्णय मनुष्यबळ विभागाच्या परिपत्रकाने होऊ नये.

सर्वांत अवघड भाग शेवटी लिहितो आहे, आणि तो पत्नीच्या संमतीने लिहितो आहे. बाळाचे वजन वाढू लागले, घर स्थिरावले, आणि ती मात्र संध्याकाळ झाली की भिंतीकडे तोंड करून रडू लागली. पहिले काही दिवस असे हळवेपण बहुतेक बायकांना येते आणि दोनेक आठवड्यांत ओसरते. हिचे ओसरले नाही. बाळ झोपले तरी हिला झोप लागत नसे. बाळाला पाहून काही वाटतच नाही, असे ती एकदा म्हणाली. भेटायला येणारा प्रत्येक जण तिला एकच प्रश्न विचारत होता, ‘दूध पुरतंय ना?’ आणि तो प्रश्न ऐकला की तिचा चेहरा पडायचा. ‘तू कशी आहेस?’ असे विचारणारे फारच थोडे, आणि खरे सांगायचे तर त्यांत मीही उशिरा सामील झालो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार प्रसूतीनंतर जगभरात सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, त्यातही मुख्यतः नैराश्य. विकसनशील देशांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या जवळ जाते. म्हणजे आपल्याकडे जवळपास दर पाच बाळंतिणींमागे एक. हे ओळखण्यासाठी दहा साध्या प्रश्नांची एक प्रश्नावली १९८७ पासून वापरात आहे. आमच्या जाडजूड फाइलमध्ये ती नव्हती. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही सरकारी, निःशुल्क दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे, तो क्रमांकही आम्हाला तिसऱ्या मजल्यावरच्या त्या ताईंनीच दिला. पत्नीने उपचार घेतले आणि ती आता बरी आहे. पण एखादी शेजारीण सेवानिवृत्त होऊन आपल्या इमारतीत राहायला यावी, यावर किती घरांनी विसंबायचे?

म्हणून महापालिकांकडे आणि राज्याच्या आरोग्य विभागाकडे माझी विनंती अशी आहे. रुग्णालयात जन्मलेल्या प्रत्येक बाळाची नोंद २१ दिवसांच्या आत निबंधकाकडे द्यावीच लागते, म्हणजे पत्ता सरकारकडे जातोच. तो तीन आठवड्यांनी जाण्याऐवजी आई घरी जाते त्याच दिवशी जवळच्या महापालिका दवाखान्याकडे जावा. घरी आल्यानंतर दोन-तीन दिवसांच्या आत एकदा आणि पुढच्या पंधरा दिवसांत आणखी एकदा प्रशिक्षित परिचारिकेने वजनकाटा घेऊन त्या घरी यावे, मग ते घर वस्तीत असो वा गृहसंकुलात. ज्यांना शक्य आहे त्यांच्याकडून शुल्क घ्यावे. न्हाऊ घालणाऱ्या बाईंना आम्ही देतो त्याहून अधिक द्यायला माझी तरी हरकत नाही. शहरांत सेवानिवृत्त परिचारिका पुष्कळ आहेत, त्यांना पुन्हा थोडे शिकवून या कामावर घेता येईल. खासगी रुग्णालयांनी तोवर एवढे तरी करावे की फाइलमधल्या एका कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहावे: किती वेळा पाजायचे, किती दुपटी ओली व्हायला हवीत, तळहात-तळपाय पिवळे दिसले, श्वास जलद वाटला, अंग गार लागले किंवा बाळ पिईनासे झाले तर दहाव्या दिवसाची वाट न पाहता लगेच यावे, आणि आईचे रडणे दोन आठवड्यांनंतरही थांबले नाही तर कुणाला दाखवावे. बिलाची प्रत तीन पानी होती. हे सारे अर्ध्या पानात मावेल.

पत्नीच्या कार्यालयातील एक सहकारी पुढच्या महिन्यात बाळंत होणार आहे. तिच्या घरी फ्रिजवर आम्ही घरभेटींच्या सहा तारखा लिहून चिकटवणार आहोत. सातव्या दिवसाच्या तारखेपुढे तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंचे नाव आहे. त्या रिक्षाने जातील, वजनकाटा आमचा.

आपला,
चिंचवड येथील एक वाचक

(नाव व पत्ता संपादकांसाठी वेगळा कळवला आहे, तो प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)